फुकट मिळतंय, मग तक्रार कशी करू?

ताई, नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातला, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला मराठीचा शिक्षक. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, आता उजेड-अंधार तेवढा कळतो. अंध वाचकांना पुस्तकं देणाऱ्या एका ऑनलाइन ग्रंथालयाचा मी सभासद झालो आहे. हे पत्र फोनला सांगून लिहितोय, चुका पोटात घाला.

सभासद झालो तेव्हा वाटलं, आता म्हातारपण निभलं. झालं भलतंच. लॉगिन करताना चित्रातली अक्षरं लिहायला सांगतात, ती नातवाने वाचून दाखवावी लागतात. पुस्तक शोधलं तर सापडत नाही, नातवाने वेगळ्या स्पेलिंगने टाकलं की तेच सापडतं. एक पुस्तक उघडतं पण बोलतच नाही. दुसऱ्याची प्रकरणं मागेपुढे वाजतात, आणि झोप लागली की सगळं पहिल्यापासून. तिसरी एक कादंबरी, एका बाईंनी फार सुरेख वाचलेली, पण शेवटची दोन प्रकरणंच त्यात नाहीत. यंत्राचा आवाज असला तर मराठी असं वाचतो की त्याला वर्गाबाहेर उभं करावंसं वाटतं.

नातू जूनमध्ये पुण्याला शिकायला जाणार. मग माझं कसं? मुलगा म्हणतो, संस्थेला कळवा. पण ताई, फुकट मिळतंय, लोक सेवाभावाने करतात, त्यांच्या चुका काढणं बरं वाटत नाही. कदाचित माझंच वय झालंय, मला जमत नसेल. डेझी प्लेअर नावाचं यंत्र मिळतं म्हणे, ते घ्यावं का?

आबा (नाव छापू नये)

आबा, नमस्कार.

आधी तुमच्या संकोचाचं बोलू, कारण बाकीचं सगळं त्याच्यापाशी अडलंय. पुस्तक बोलत नाही, प्रकरणं मागेपुढे होतात, या गोष्टी नातू घरी आहे तोवर एखाद्या दुपारी सुटतील. त्या कशा सोडवायच्या ते पुढे सांगते. पण 'फुकट मिळतंय, तक्रार कशी करू' हे मनातून गेलं नाही, तर वर्षभरात तुम्ही ऐकणंच सोडून द्याल. असं सोडून दिलेले वाचक माझ्या ओळखीत आहेत. भांडून कुणीच गेलं नाही. सगळे गप्प राहून गेले. मीही ऐकूनच वाचते, म्हणून ही गोष्ट मला फार लागते.

ही पुस्तकं तुमच्यापर्यंत येतात ती कायद्याने. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. अंधांसाठी एखादं छापील पुस्तक रेकॉर्ड करायचं तर पूर्वी हक्कदाराची परवानगी लागायची. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(झेडबी) आलं आणि ती अट गेली. अपंगत्वामुळे ज्याला छापील पुस्तक वाचता येत नाही, त्याच्यासाठी कुणीही व्यक्ती किंवा नफा न घेता काम करणारी संस्था ते पुस्तक त्याला वाचता येईल अशा रूपात आणू शकते. पुढच्याच वर्षी, २७ जून २०१३ ला, मोरोक्कोतल्या माराकेश शहरात याच विषयावरचा आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१४ मध्ये त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश आपला होता. करार ३० सप्टेंबर २०१६ ला अमलात आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारचा दिव्यांगजन सशक्तीकरण विभाग, डेहराडूनची राष्ट्रीय दृष्टिदिव्यांग संस्था, डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टीसीएस यांनी मिळून 'सुगम्य पुस्तकालय' सुरू केलं. तुमचं ग्रंथालय कोणतं ते तुम्ही लिहिलं नाही आणि मीही विचारत नाही. सांगते आहे ते कुठल्याही ग्रंथालयाला लागू पडेल.

शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक घेताना तुम्हाला कधी उपकार घेतल्यासारखं वाटलं होतं का? पानं फाटलेली निघाली तर तुम्ही ग्रंथपालाला सांगतच होता ना? मग इथे का नाही?

आता त्या कादंबरीचं. ज्या बाईंनी ती वाचली, त्यांनी शेवटची दोन प्रकरणं बहुतेक वाचलेलीच असणार. इतकं मन लावून वाचणारी बाई शेवट सोडून उठणार नाही. फाइल चढवताना राहिली असेल, नाहीतर जोडणी करताना गळली असेल. त्यांना ते माहीतच नसण्याची शक्यता जास्त. कारण पुस्तक किती जणांनी उतरवून घेतलं एवढंच तिकडे कळतं. शेवटाला येऊन किती जण ठेचकाळले ते कोण सांगणार? तुमच्या आधीच्या वाचकांनी सांगितलं असतं तर तुम्हाला पूर्ण पुस्तक मिळालं असतं. त्या बाईंचे इतक्या तासांचे श्रम दोन फाइलींपायी वाया चाललेत, आणि ते थांबवणं तुमच्या हातात आहे. सेवाभावाने काम करणाऱ्याला चूक कळवणं हीच त्याची कदर, असं मला मनापासून वाटतं.

फक्त ती कशी कळवायची याला महत्त्व आहे. 'तुमची पुस्तकं नीट चालत नाहीत' असं पत्र गेलं की तिकडून 'पुन्हा प्रयत्न करून पाहा' एवढंच उत्तर येतं. वहीवर नुसतं 'चूक' लिहून तुम्ही मुलाला परत पाठवत नसाल, कुठल्या ओळीत काय चुकलं ते लिहीत असाल. इथेही तसंच करायचं.

कळवण्याआधी दोन गोष्टी तपासा. पुस्तक चांगलं नेट असताना पुन्हा एकदा उतरवून घ्या. अर्ध्यात तुटलेली फाइल हे फार साधं कारण असतं, आणि तालुक्याच्या गावाबाहेर ते रोजचंच. मग डेझी पुस्तकाची (अंध वाचकांसाठी खास पद्धतीने बांधलेल्या पुस्तकाची) अनुक्रमणिका उघडा. शेवटच्या प्रकरणांची नावं तिथे ऐकू येतात पण वाजत नाहीत, तर आवाजाच्या फाइल हरवल्यात. नावंच नसतील, तर पुस्तक मुळात अपुरं बांधलं गेलंय. दुरुस्त करणाऱ्याला हा फरक कळला की त्याचं अर्धं काम झालं. मग असं लिहा:

'पुस्तकाचं नाव अमुक, लेखक अमुक, ग्रंथालयातला क्रमांक अमुक. प्रकार डेझी, माणसाच्या आवाजात. दोनदा उतरवून पाहिलं, फरक नाही. अनुक्रमणिकेत २१ प्रकरणं आहेत. १९ वं प्रकरण पूर्ण वाजतं, त्यानंतर पुस्तक थांबतं. फोन अँड्रॉइड, वाचण्याचं अ‍ॅप अमुक. २० आणि २१ या प्रकरणांच्या फाइल तपासून पुन्हा चढवाव्यात आणि झाल्यावर मला कळवावं.'

आकडे तुमचे घाला. ज्या संस्थेमार्फत सभासद झालात तिलाच हे आधी पाठवा, आणि एक प्रत ग्रंथालयाच्या मदत-पत्त्यावर. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर तेच पत्र पुन्हा, वर 'स्मरणपत्र' लिहून. नोकरीत अशी स्मरणपत्रं तुम्ही ढीगभर पाहिली असतील. एकच पुस्तक एका पत्रात. चार पुस्तकांची चार गाऱ्हाणी एकत्र गेली की एकाचंही काम होत नाही.

चित्रातल्या अक्षरांचं मात्र मी वेगळं काढते, कारण ती नुसती गैरसोय नाही. अंध वाचकांच्या दारावरच डोळ्यांनी उघडायचं कुलूप लावणं मला अजिबात मान्य नाही. शेजारी कानाने ऐकायचा पर्याय असेल तर तो शोधा, टॉकबॅकने, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणाऱ्या फोनमधल्या सोयीने, एकेक बटण ऐकत गेलात तर कधी कधी सापडतो. मात्र त्यातले आकडे-अक्षरं बहुधा इंग्रजीत आणि गोंगाटात बोलतात, ते तुम्हाला नाही जमलं तर त्यात वयाचा काही संबंध नाही, मलाही ते दर वेळी जमत नाही. पर्यायच नसेल तर कळवताना कायद्याचं नाव घ्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ४२ ने आवाजी, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम रूपात मिळेल याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलंय. तो खटला बँका-मोबाइलच्या केवायसीत अंध आणि चेहऱ्याला इजा झालेल्या लोकांना येणाऱ्या अडचणींचा होता, पण तत्त्व तेच. कुणीच ऐकेना झालं तर पुण्याला राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. तिथवर जायची वेळ सहसा येत नाही. कलमाचा आकडा लिहिलेलं पत्र लोक जरा लवकर वाचतात.

आता फोन हातात घ्या.

जे पुस्तक उघडतं पण बोलत नाही, त्यात बहुधा बिघाड काहीच नाही. या ग्रंथालयांमध्ये दोन तऱ्हेची पुस्तकं असतात. काहींत कुणीतरी वाचलेला आवाज असतो. काहींत फक्त मजकूर असतो आणि तो तुमच्या फोनने बोलून दाखवायचा असतो. दोन्हींना डेझीच म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. मजकुराचं पुस्तक असेल आणि फोनचा वाचणारा आवाज इंग्रजीवर लावलेला असेल, तर देवनागरी अक्षरं तो सरळ गिळून टाकतो. तुम्हाला वाटतं पुस्तक मुकं आहे. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात टेक्स्ट-टू-स्पीच, तिथे गूगलच्या आवाजाच्या पुढचं सेटिंग उघडून व्हॉइस डेटातून मराठी उतरवून घ्या आणि भाषा मराठी करा. काही फोनमध्ये ही नावं थोडी इकडेतिकडे असतात. एकदा उतरवलेला आवाज पुढे नेटशिवाय चालतो. घरी संगणक असेल तर एनव्हीडीए नावाचं स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मोफत मिळतं, आणि त्याच्याबरोबर येणारा ई-स्पीक नावाचा यंत्राचा आवाज मराठीही वाचतो. आवाज कोरडा आहे, पण सवय झाली की झपाझप वाचता येतं.

प्रकरणं मागेपुढे होतात, ऐकता ऐकता झोप लागली की पहिल्यापासून सुरू होतं, यावरून मला जवळजवळ खात्री आहे की तुम्ही पुस्तक फोनच्या गाण्यांच्या प्लेअरमध्ये ऐकताय. त्याला प्रकरण कळत नाही. त्याला ती एकवीस गाणी वाटतात, आणि 'शफल' चालू असेल तर तो ती पिसून वाजवतो. डेझी पुस्तक म्हणजे एक आख्खं फोल्डर असतं. आवाजाच्या फाइल असतात, आणि कुठलं प्रकरण कुठे सुरू होतं, पान कुठलं, याची नोंद ठेवणाऱ्या बारीक फाइली असतात. नातवाने 'या काय कामाच्या' म्हणून नुसत्या एमपीथ्री फाइल मेमरी कार्डावर टाकल्या असतील तर पुस्तकाची अनुक्रमणिकाच तुटली. फोल्डर जसंच्या तसं ठेवायचं, झिप असेल तर तशीच अ‍ॅपला द्यायची किंवा पूर्ण उघडून द्यायची, आणि डेझी कळणारं अ‍ॅप वापरायचं. फोनवर ईझीरीडर मोफत आहे, संगणकावर थोरियम रीडर मोफत आहे. त्यांत प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारता येते, खूण ठेवता येते, आणि बंद केलं तिथूनच पुन्हा सुरू होतं. झोपताना ऐकायची सवय असेल तर स्लीप टायमर लावून ठेवा.

नेट कमी असेल तेव्हा एक हिशेब उपयोगी पडतो. ६४ केबीपीएसला (हे आवाजाच्या दर्जाचं माप) रेकॉर्ड केलेलं वाचन तासाला साधारण २९ एमबी घेतं, म्हणजे दहा तासांची कादंबरी २९० एमबीच्या घरात. मजकुराचं पुस्तक, त्यात चित्रं नसतील तर, सहसा याच्या कितीतरी कमी जागेत मावतं. तेव्हा घाईत हवं ते पुस्तक मजकुरात घ्या, आणि माणसाच्या आवाजातली पुस्तकं तालुक्याला किंवा जळगावला गेलात की चांगल्या वायफायवर एकदम उतरवून आणा.

शोधण्याचा त्रास थोडक्यात सांगते. मराठी पुस्तकांची नावं नोंदवणाऱ्यांनी कुठे देवनागरीत, कुठे रोमनमध्ये, आपापल्या मनाने लिहिलेली असतात. आपल्याकडचं चौधरी आडनावच घ्या, ते इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात आणि यंत्राला ते चार वेगळे लोक वाटतात. म्हणून पूर्ण नाव घालू नका. शीर्षकातला एखादाच सोपा, एकाच पद्धतीने लिहिता येणारा शब्द घाला, भाषा मराठी निवडा, आणि दोन्ही लिप्यांत पाहा. नाव चुकीचं नोंदलेलं सापडलं तर तेही कळवा. ते दुरुस्त करायला एक मिनिट लागतं.

यंत्राच्या मराठीवर तुमचा राग मी समजू शकते, पण त्यात तीन वेगळे रोग आहेत आणि ते कानाने ओळखता येतात. सगळ्याच पुस्तकांत 'ळ' बोबडा येतो, 'चारा'तला च 'चार'सारखा तालव्य होतो, शब्दाच्या शेवटाला हिंदी हेल लागतो, तर फोन मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचतोय. वर सांगितलं तसं मराठी आवाज लावा, बरंच सुधारेल. पूर्ण नाही सुधारणार. तालव्य आणि दंततालव्य 'च' आपण एकाच अक्षराने लिहितो, तिथे मराठी आवाजही अडखळतो.

एकाच पुस्तकात 'घर'चं 'धर' आणि 'भाग'चं 'माग' ऐकू येतं, वाक्याच्या मध्येच पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक घुसतो, तर ते पुस्तक स्कॅन करून मशीनने ओळखून घेतलंय आणि माणसाने तपासलेलं नाही. पानाच्या माथ्यावरची ओळ मजकुरात मिसळते ती अशी. हे कळवण्यासारखं आहे. कुठल्या प्रकरणात, कुठल्या वाक्याच्या मध्ये, ते दोन-तीन ठिकाणांचं लिहा.

आणि तिसरा रोग आपल्या मराठीचा खास. पुस्तक उघडलं आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस असं काहीतरी बरळायला लागलं, तर तो मजकूर श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. डोळ्यांना पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली अक्षरं रोमनची असतात, आणि स्क्रीन रीडर आतलं वाचतो. युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलल्याशिवाय ते बोलणार नाही. वर्षानुवर्षं मराठी छपाई याच फाँटांवर चालली, त्यामुळे प्रकाशकाने अगदी खुशीने फाइल दिली तरी ती अशी निघते. हे बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, ते चालवून मग हाताने तपासायचं. संस्थेला फक्त 'हे पुस्तक युनिकोडमध्ये नाही' एवढं लिहा, त्यांना कळेल.

नातवाचं आता. तो जायच्या आधी त्याला एक नियम घाला: हात तुमचा, तोंड त्याचं. त्याने फोनला बोटही लावायचं नाही, फक्त सांगायचं. त्याला वैताग येईल, तुम्हालाही येईल. पण आजवर तो 'थांबा आबा, मी करतो' म्हणून झटकन करून देत आला, म्हणून तर तुम्हाला वाटू लागलं की आपल्याला जमत नाही. शिकवण्याचं तुम्हाला काय सांगायचं! फळ्यावर गणित मास्तरनेच सोडवलं तर पोराला कधी येत नाही. पासवर्ड तुमचा तुम्ही ठरवा आणि फोनमध्ये साठवून बोटाच्या ठशाने उघडेल असं करून घ्या. एखाद्या अ‍ॅपमध्ये नुसतं 'बटण, बटण' ऐकू येत असेल तर टॉकबॅकमध्ये त्या बटणाला आपलं नाव देता येतं. नातवाने एकदा सांगायचं हे कशाचं बटण, तुम्ही 'पुढचं प्रकरण', 'खूण ठेवा' अशी मराठीत नावं देऊन ठेवायची. पुण्याला गेल्यावर तो फोनवरून सांगू शकेल, कारण तुमच्या बोटांना रस्ता माहीत असेल.

नातू नसताना गावातला दुसरा कुणी मदत करू शकतो का? जरूर. आणि इथे मला तुमच्याकडून काही मागायचंय.

मराठी पुस्तकं या ग्रंथालयांत कमी वाटतात, आपल्या भागातली तर शोधावीच लागतात. अहिराणीतलं लिखाण मुंबईच्या स्टुडिओत कोण वाचणार आणि कसं वाचणार? मराठी यंत्राला तर ती बोली मुळीच पेलत नाही. ते खान्देशी गळ्यानेच वाचलं पाहिजे. चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा, तुमच्या ओळखीचे निवृत्त शिक्षक किती तरी असतील. तुम्ही सांगितलंत तर त्यांतले दोघे-तिघे नक्की वाचतील. साने गुरुजींना जाऊन ६० वर्षं २०१० मध्ये पूर्ण झाली, धरणगावचे बालकवी तर १९१८ मध्येच गेले. त्यांचं लिखाण आता कॉपीराइटमधून मोकळं आहे, ते वाचून कुणालाही, कसंही द्या. जे हयात आहेत किंवा ज्यांना जाऊन ६० वर्षं झालेली नाहीत, त्या लेखकांची पुस्तकं मात्र कलम ५२ खाली फक्त आपल्यासारख्या वाचकांपुरतीच द्यायची. यूट्यूबवर सगळ्यांसाठी टाकलं तर ती सवलत लागू होत नाही. हौशी लोक नेमकी इथे चूक करतात आणि पुढे संस्थेलाही त्रास होतो.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगा: सुरुवातीला पुस्तक, लेखक, प्रकाशक, वर्ष बोलायचं. एका फाइलमध्ये एकच प्रकरण, आणि फाइलच्या नावात आधी क्रमांक, ०१, ०२ असा. चुकलं तर वाक्य पहिल्यापासून पुन्हा. पंखा बंद पाहिजे, नाहीतर सगळ्या पुस्तकभर घरघर ऐकू येते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पंख्याशिवाय बसणं शक्य नाही, म्हणून उन्हाळ्यात पहाटे पाचला वाचायचं. तेव्हा मोटारींचाही आवाज कमी असतो. झालेल्या फाइली तुमच्या संस्थेकडे द्या, ते डेझीत बांधतील.

आणि हवी ती पुस्तकं नाव घेऊन मागा. 'मराठी पुस्तकं वाढवा' या मागणीचं कुणी काही करू शकत नाही. लेखक, शीर्षक, प्रकाशक लिहिलेली पाच पुस्तकांची यादी आली तर कुणीतरी त्यातलं एक तरी हातात घेतं. गावच्या वाचनालयात ती प्रत असेल तर तेही लिहा, म्हणजे विकत आणायचा प्रश्न उरत नाही.

राहिला डेझी प्लेअर. तो ठोकळ्यासारखा असतो, हाताला कळतील अशी ठसठशीत बटणं असतात, ऐकत असताना मध्येच फोन वाजत नाही. बोटं थरथरतात किंवा काचेच्या पडद्यावर जमतच नाही अशा वाचकाला मी तो आधी सुचवते. तुम्ही फोनला सांगून एवढं मोठं पत्र लिहिता, तेव्हा तुमचं फोनवरच भागेल. म्हणून लगेच विकत घेऊ नका. तरी हवासा वाटला तर दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून तो मिळू शकतो, अ‍ॅलिम्को या दिव्यांगांसाठी साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या साहित्य वाटप शिबिरांत अंधांसाठी काठी, स्मार्टफोन, डेझी प्लेअर असं साहित्य असतं. त्यात उत्पन्नाची मर्यादा आहे, तुमची पेन्शन त्यात बसते का ते आधी विचारून घ्या. तीन वर्षांत या योजनेतून काही घेतलेलं नसावं. शिबिर कधी आहे ते जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात कळेल. जाताना यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), आधार, उत्पन्नाचा दाखला आणि फोटो बरोबर ठेवा.